हंसाच्या नावाने

हंसाने ओला बोंबील दोरीवर टाकला आणि हात सोडल्याबरोबर तो सुळकन खाली वाळूत आला. दुसरा टाकला, तोही त्याच वाटेने गेला. चंद्रकांता तोंडाला पदर लावून हसली, वाकली आणि दोन्ही बोंबील बादलीतल्या पाण्यात बुचकळून पुन्हा हंसाच्या हातात दिले.

"एकटा ऱ्हात नाय तो, बाय," ती म्हणाली. "दोघं लागतात. ह्याचा जबडा त्याच्या जबड्यात अडकवायचा आन मग टाकायचे. एक दोरीच्या अल्याड, एक पल्याड."

हंसाने दातांत दात अडकवले. जोडी दोरीवर बसली आणि वाऱ्यावर हलत राहिली, पण पडली नाही. मुरब्याच्या किनाऱ्यावर बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर अशा जोड्या दूरपर्यंत लटकत होत्या. हंसाने आजवर बोंबील खाल्ले होते ते वाळलेले आणि भाजलेले. ते वाळायच्या आधी असे एकमेकांना धरून असतात हे तिला साठीला टेकल्यावर कळत होते, आणि त्याची तिला गंमत वाटत होती.

मैत्रिणीच्या, सुलूच्या या गावी येण्याचे कितीतरी वर्षे चालले होते. दोघी तारापूरच्या औषधांच्या कारखान्यात एकाच टेबलावर, समोरासमोर. गोळ्यांच्या पट्ट्या तपासायच्या, चांगल्या पुढे सरकवायच्या. हंसा सफाळ्याहून गाडीने येई, सुलू बोईसरलाच खोली घेऊन एकटी राहत असे. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली नव्हती. "एकदा चल गं मुरब्याला, समुद्र दाखवते," हे सुलूचे दरवर्षीचे, आणि "येईन गं," हे हंसाचे. या महिन्यात दोघी बरोबरच रिटायर झाल्या आणि हंसाकडे सबबच उरली नाही. शनिवारी सकाळी ती पोह्यांनी भरलेला स्टीलचा डबा घेऊन बोईसरला उतरली, आणि टमटममध्ये सुलूला चिकटून बसून इथवर आली.

डबा हंसाचाच होता, झाकणावर तिचे नाव कोरलेले. दर हिवाळ्यात सुलू तो मागून न्यायची आणि सुक्या बोंबलांनी भरून आणायची. "दादाने दिलेत, उगाच," असे म्हणायची आणि कानाची पाळी चोळायची. रिकामा डबा परत देणे हंसाला जमत नसे. घरच्या भाताचे पोहे नाहीतर वाल, काहीतरी घालूनच ती तो पुन्हा सुलूच्या हाती ठेवी.

चंद्रकांता, म्हणजे सुलूची वहिनी, हात पुसत तिच्याजवळ आली.

"तुमाला कदी तोंडानं सांगायला मिळालं नाय," ती म्हणाली. "ती मशीन तुमी दिली नसती तर त्या वर्षी आमचं काय झालं असतं, देव जाणे. ह्यांची होडी फुटून किनाऱ्याला पडलेली. मी ब्लाऊज शिवले, परकर शिवले, त्यावर घर चाललं. आजून हाय मशीन. रोज हात जोडते तिला."

हंसाने मान वर केली. तिने कुणालाही कधी मशीन दिली नव्हती. तिच्या स्वतःच्या घरी मशीन नव्हती, सफाळ्याच्या शिंप्याकडे जाऊन ती फॉल लावून घेत असे. ती बोलायला तोंड उघडणार तोच दोरीच्या पलीकडून सुलूचा आवाज आला.

"वहिनी, चहाचं बघ ना गं. हंसा सकाळपासून उपाशी हाय."

हंसा उपाशी नव्हती. तासाभरापूर्वीच तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. तिने सुलूकडे पाहिले. सुलू कानाची पाळी चोळत समुद्राकडे बघत होती.

दुपारी जेवताना तेच. आत्माराम, सुलूचा थोरला भाऊ, उन्हाने काळवंडलेला मितभाषी माणूस, हंसाच्या ताटात कालवण वाढताना म्हणाला, "आईच्या डोळ्याचं तुमी केलंत. शेवटाला तिला नातीचं तोंड दिसलं." आणि नात, म्हणजे त्याची मुलगी किंजल, पालघरच्या दवाखान्यातली ड्युटी संपवून तिसऱ्या प्रहरी आली ती आधी हंसाच्या पाया पडली. नर्सिंगची पुस्तके म्हणे हंसामावशीने घेऊन दिली होती. शेजारची जमना हंसाला बघायला आली आणि दारातच म्हणाली, "हीच काय ती?" जणू काही देव्हाऱ्यातली मूर्ती बाहेर फिरायला निघाली होती. आयुष्यभर तिने दुसऱ्याचे श्रेय घेतले नव्हते. कारखान्यात तिचा लौकिकच तो होता. एका गोळीचा टवका उडालेला दिसला की अख्खी पट्टी बाजूला ठेवायची, मग सुपरवायझर कितीही घाई करो. आणि इथे घरभर माणसे तिला नमस्कार करत होती, आणि ती गप्प बसून ते घेत होती.

उन्हे कलल्यावर तिने सुलूला किनाऱ्यावर गाठले.

"हे काय आहे?" तिने विचारले. "मशीन कुणाची? डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे कुणी दिले?"

सुलू चप्पल हातात घेऊन ओल्या वाळूत उभी राहिली. थोडा वेळ तिने लाट पायावर येऊ दिली.

"मी," ती म्हणाली. "दादा घेत नव्हता गं. बहिणीला द्यायचं, तिचं खायचं नाय, असं त्याचं. होडी फुटली तेव्हा घरात काही नव्हतं तरी माझ्याकडून पिशवीभर तांदूळ घेतला नाही त्यानं. मग मी सांगितलं, माझी मैत्रीण हाय, हंसा. तिनं पाठवलंय. मैत्रिणीचं चाललं त्याला. एकदा चाललं, मग चालतच गेलं."

"माझं नाव घेतलंस."

"दुसरं कुणाचं घेणार? मला तू एकटीच."

हंसाला राग यायला हवा होता, आणि आलाही, पण तो धड ठरत नव्हता. तिला एकदम काहीतरी सुचले आणि ती थबकली.

"म्हणजे दर वर्षीचे ते बोंबील," ती म्हणाली. "ते तुझा दादा मला पाठवायचा. त्या मशीनबद्दल."

"मग? घेतल्यावर परत काहीतरी द्यायला नको?"

"सुलू, इतकी वर्षं मी त्यांचे बोंबील फुकट खाल्ले."

"फुकट कुठं," सुलू हसली. "नावाचं भाडं समज."

हंसा हसली नाही. "मी उद्या दादाला खरं सांगणार आहे. मला हे पचायचं नाही."

सुलूचे हसू गेले. दूर खाडीच्या तोंडाशी होड्या परतत होत्या.

"सांग," ती शेवटी म्हणाली. "तुला खोटं जमत नाही, मला म्हाईत हाय. पण मग तो मशीन उचलून माझ्या दारात आणून ठेवील. आणि भाऊबीजेला मी आले की मान वर करून माझ्याकडे बघणार नाय. एवढंच होईल."

त्यानंतर दोघी पुष्कळ चालल्या. सुलूने तिला लहानपणी शिंपल्या वेचायची ती जागा दाखवली, आईबरोबर जाळे विणायला बसायची तो ओटा दाखवला. हंसा सगळे बघत होती आणि मनात एकच गोष्ट घोळवत होती. आपण या बाईच्या समोर बसून रोज डबा खाल्ला, आणि तिच्या डब्यात कधी भाकरीबरोबर नुसती चटणी असायची ती का, हे आपण एकदाही विचारले नाही. तिला सुलूचा राग यायचा तो आता स्वतःचाच येऊ लागला, आणि त्याच्याही खाली कुठेतरी फार बरे वाटत होते. आपल्या नावाने एवढे चांगले घडले होते. आपल्याला न विचारता का होईना.

रविवारी सकाळी आत्माराम ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत जाळे सांधत बसला होता. त्याने हंसाला हाक मारली. ती गेली आणि होडीला टेकून उभी राहिली.

"बसा, हंसाबाय," तो म्हणाला. त्याने जाळ्यावरून मान उचलली नाही. "एक विचारतो. ती मशीन, आईचे डोळे, पोरीची पुस्तकं. ते सगळं तुमीच दिलं ना?"

टेबलावर पट्टी यावी तसा प्रश्न समोर आला होता. टवका उघड दिसत होता. हंसाने चंद्रकांताच्या ओटीवरून येणारा मशीनचा खडखडाट ऐकला.

"हो," ती म्हणाली. "मीच."

आत्मारामने सुई थांबवली. मग तो हसला. कालपासून पहिल्यांदा.

"बरं झालं," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमी खरं सांगून टाकाल."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे?" हंसाने विचारले.

"सुलू खोटं बोलली की कान चोळते. लहानपणापासून. मशीन घेऊन आली तवा सारखी चोळत होती, पाळी लाल झालेली." त्याने गाठ दातांनी तोडली. "मी वळखलं असतं तर परत करावं लागलं असतं. आन घरात चूल पेटत नव्हती. म्हणून मी वळखलं नाय."

"मग बोंबील मला का पाठवलेत? तिलाच द्यायचे."

"तिला दिले असते तर तिला कळलं असतं की मला कळलंय." त्याने सुई जाळ्यात खोचली. "आता माझं चांगलं हाय. नवी होडी हाय, पोर कमावते. पण ती माझ्याकडून नारळाशिवाय काय घेत नाय. आईनं तिच्यासाठी बोरमाळ ठेवलेली. दर भाऊबीजेला मी पुढं करतो, ती परत सरकवते. किंजलच्या लग्नाला ठेव, म्हणते." त्याने इकडेतिकडे पाहिले. "मोडली मी ती. तिची पाटली केली. मोडली नसती तर तिनं वळखली असती. तुमी द्या तिला, हंसाबाय. रिटायर झाल्याची म्हणून द्या. तुमच्याकडून घेईल ती."

"मी?" हंसा म्हणाली.

"तुमचं नाव चालतं आमच्या घरात," आत्माराम म्हणाला. "तुमच्या डब्यात ठेवलीय, तळाशी, बोंबलांच्या खाली. तिथं ती हात घालायची नाय."

हंसाच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिने ते पुसलेही नाही. वाऱ्याने आले असे तो समजला असता, किंवा समजल्याचे दाखवले असते. या घरात ते सगळ्यांनाच छान जमत होते.

निघताना चंद्रकांताने तिची ओटी भरली. किंजल टमटमपर्यंत डबा घेऊन आली आणि तो हंसाच्या मांडीवर ठेवून गेली. रस्ताभर हंसाने तो दोन्ही हातांनी धरला होता.

"सांगितलंस का दादाला?" सुलूने विचारले.

"नाही," हंसा म्हणाली.

सुलूने तिच्या खांद्यावर डोके टेकले.

बोईसरला हंसाच्या गाडीला वेळ होता, म्हणून ती सुलूच्या खोलीवर चहाला थांबली. सुलू स्टोव्हपाशी पाठमोरी असताना हंसाने डबा उघडला, तळाशी हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतली छोटी पुडी काढली. पुडी सोडून पाटली तिने पदराने घासली आणि सुलूपुढे धरली.

"हे तुला. रिटायर झालीस म्हणून."

"एवढं?" सुलूने कप खाली ठेवले. "तू वेडी झालीस काय? सोनं?"

"घे. मला नाही म्हणायचं नाही."

सुलूने हात पुढे केला. पाटली तिच्या मनगटावर अशी बसली की जणू तिथलीच होती, ना ढिली ना घट्ट.

"माप कसं कळलं तुला?"

"इतकी वर्षं समोर बसून तुझाच हात बघत आले ना," हंसा म्हणाली, आणि आपल्याला हे किती सहज सुचले याचे तिलाच नवल वाटले.

सुलूने मनगट उजेडात फिरवून पाहिले. मग ते हळूच नाकाजवळ नेले. पाटलीला सुक्या बोंबलाचा घमघमाट येत होता. आत्मारामचा जन्म त्या वासात गेला होता, त्याच्या ते ध्यानातही आले नव्हते. हंसाने घाईने डब्याचे झाकण लावले.

सुलूच्या गालावरून एक थेंब ओघळला आणि तिने तो पाटली घातलेल्या हातानेच पुसला.

"तुझे लई उपकार, हंसा," ती म्हणाली. "तुझी आठवण राहील ही."

आणि तो हात तिथून आपोआप वर गेला आणि कानाची पाळी चोळू लागला.

हंसाने आपला कप उचलला.

"चहा छान झालाय," ती म्हणाली.