घोटा सांधला, त्यानंतर

मित्रांनो, मला कुबडी म्हणतात. नाव ऐकूनच माणसं तोंड फिरवतात, त्याचं मला वाईट वाटत नाही. मला आनंदानं घरी आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पण माझीही एक गोष्ट आहे. आज ती सांगते.

मी ॲल्युमिनियमची. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती फक्त यंत्रांची घरघर आणि माझ्यासारखीच घडलेली माझी जुळी बहीण. आम्हा दोघींना एकाच पिशवीत घालून आयर्लंडला पाठवलं. डब्लिनच्या एका रुग्णालयात आम्ही कपाटात वाट पाहत राहिलो. २०२०च्या ऑक्टोबरात कपाट उघडलं आणि आम्ही योगिनीच्या हातात आलो.

योगिनी मिरजेची. वैद्यकीय उपकरणांचं शिक्षण घ्यायला ती इथे आली होती. शिक्षण संपलं आणि नेमका करोना आला. नोकऱ्यांच्या मुलाखती थांबल्या. तेव्हा डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या औद्योगिक वसाहतीत हरीशच्या छोट्या कारखान्यात तिनं काम धरलं. तिथे पराठे आणि पुरणपोळ्या करून गोठवत आणि भारतीय दुकानांना पाठवत. हरीश मूळचा नाशिकचा, बोलायला गोड. सगळ्यांना 'आपण घरचेच' म्हणायचा.

त्या दिवशी कणकेचा जड ट्रे घेऊन योगिनी चालली होती. फरशीवरच्या सांडपाण्याच्या जाळीचा कोपरा वर आला होता. त्याबद्दल सगळ्यांनी कुरकुर केली होती, पण दुरुस्ती राहून गेली होती. तिचा पाय त्यात अडकला आणि घोटा मोडला. हरीशनं धावपळ करून तिला गाडीत घातलं. रुग्णालयाच्या दारात मात्र तो हळूच म्हणाला, "योगिनी, घरी जिन्यावरून पडले असं सांग हं. प्लीज. नाहीतर मी संपलो."

करोनामुळे सोबतच्या माणसाला आत सोडत नव्हते. योगिनी एकटीच आत आली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं, की घरी पडले. मिरजेला बाबांनाही तेच सांगितलं. मी तिच्या खुर्चीला टेकून ऐकत होते.

मग सुरू झाले आमचे कामाचे दिवस. योगिनी एका बैठ्या घरात भाड्यानं राहायची. सोबतच्या दोघी मुली विमानं सुरू होताच गावी परतल्या होत्या. रिकाम्या घरात आम्हा दोघींची टकटक तेवढी ऐकू यायची. योगिनी चहा करायची, पण दोन्ही हातांत आम्ही असल्यानं कप खोलीपर्यंत नेता यायचा नाही. म्हणून ती ओट्याशी उभी राहूनच चहा प्यायची. फोनवर आई म्हणायची, "कुणीतरी आहे ना गं जवळ?" योगिनी म्हणायची, "आहे की." तेव्हा जवळ आम्हीच असायचो.

काही आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि व्यायाम शिकायला ती रुग्णालयात गेली. शिकवणाऱ्या बाईंचं नाव नीव होतं. तोंडावर मास्क, पण डोळे हसरे. मला हातात घेऊन त्या म्हणाल्या, "आज जिना चढायला शिकू. तू घरच्या जिन्यावरूनच पडलीस ना? तिथे कठडा कुठल्या हाताला आहे?"

योगिनीनं मला त्यांच्या हातून परत घेतलं. माझ्या मुठीवर तिची बोटं घट्ट आवळली.

"डावीकडे की उजवीकडे?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"घराला जिनाच नाही," योगिनी म्हणाली आणि रडू लागली.

नीव रागावल्या नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्या पगारातून सरकारी विम्यासाठी कपात होते ना? कामावर दुखापत झालेल्यांसाठी त्यात सोय असते. पण आधी डॉक्टरांना खरं कळायला हवं. तू खोटं बोलत राहिलीस तर तुझ्या मागे कुणी उभं कसं राहणार?"

घरी येऊन योगिनीनं हरीशला फोन लावला. आम्ही तिच्या मांडीवर होतो.

"हरीशदादा, मी आता खरं सांगणार आहे."

"अगं, पहिल्या लॉकडाऊनमध्ये सगळं बंद होतं, तेव्हा कामगारांचा विमा बंद केला. पुन्हा घ्यायचा राहून गेला. इथे कायद्यानं त्याची सक्तीसुद्धा नाहीये."

"सक्ती नसेल दादा, पण माझा पाय तुमच्याकडे मोडला."

"मी तुला घरच्यासारखं वागवलं, योगिनी!"

"हो, दारापर्यंत आलात. त्यानंतर एकदाही विचारपूस केली नाहीत."

पलीकडून फोन बंद झाला.

योगिनीनं डॉक्टरांना खरं सांगितलं, सरकारी कचेरीतही कळवलं. तिला मदत मिळू लागली. कामाच्या जागेची सुरक्षा तपासणारे अधिकारी कारखान्यात जाऊन आले. पण त्या दिवसापासून कारखान्यातल्या कुणाचाही फोन आला नाही. 'आपल्याच माणसाला अडचणीत आणलंस,' असा एक निरोप तेवढा आला. या देशात तिच्या ओळखीची माणसं ती तेवढीच होती. मित्रांनो, तो नाताळ मी विसरणार नाही. समोरच्या घरांत दिवे लागले होते आणि योगिनी आम्हाला शेजारी घेऊन, दिवा न लावता बसली होती. खरं बोललेल्या माणसाला शाबासकी मिळते असं मी ऐकून होते. तिला मिळाली नाही.

वसंत ऋतू आला तेव्हा एका दुपारी खिडकीवर टकटक झाली. बाहेर प्रभाताई उभ्या होत्या. त्या कारखान्यात पोळ्या लाटायच्या. करोनामुळे अजून कुणाच्या घरात जायची परवानगी नव्हती, म्हणून त्या बाहेर उभ्या आणि आम्ही आत.

"जाळी बदलली गं," त्या म्हणाल्या. "हरीशनं विमाही घेतला, कागद दाराशी लावलाय. तुझं नाव मात्र काढत नाही."

"मग तुम्ही कशा आलात?"

"परवा माझा पाय तिथेच घसरला, पण अडकला नाही. तेव्हापासून झोप लागेना." प्रभाताईंनी डोळे पुसले. "तू कशी आहेस?"

"ग्रँड," योगिनी म्हणाली. 'मजेत आहे' म्हणायला इथे सगळे तोच शब्द वापरतात.

"मराठीत सांग."

योगिनीनं कपाळ काचेला टेकवलं. "एकटी आहे हो, ताई."

त्या दिवशी प्रभाताई पाऊस सुरू झाला तरी हलल्या नाहीत. पुढे दर रविवारी त्या खिडकीशी यायच्या. योगिनी आधी आम्हा दोघींच्या आधारानं खिडकीपाशी यायची, मग माझ्या एकटीच्या, आणि एके दिवशी कुणाच्याच नाही. त्या दिवशी प्रभाताईंनी बाहेरून टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला, मित्रांनो, खरंच झाला. आमची गरज संपावी यासाठीच तर आम्ही राबतो.

त्या उन्हाळ्यात योगिनीला दूर लिमरिक शहरात मनासारखी नोकरी मिळाली. जाण्याआधी तिनं रुग्णालयात फोन करून आम्हाला परत घेता का, असं विचारलं. साथीच्या काळात वापरलेल्या कुबड्या ते घेत नव्हते. शेजारच्या आजोबांना आधाराला एक काठी हवी होती. त्यांना तिनं माझी बहीण दिली. मला पुसून त्या भाड्याच्या घरातल्या कपाटात उभं केलं, क्षणभर माझ्या मुठीवर हात ठेवला आणि दार लावलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी कुणी कोपऱ्यात पडली असेल. तिला अडगळ समजू नका, गरजूला द्या. मोठे व्हाल, कामाला लागाल, तेव्हा पहिल्याच दिवशी न लाजता विचारा, की इथे मला काही झालं तर माझ्या मागे कोण उभं राहील? आणि कधी तुम्हीच चार माणसांना कामाला ठेवलंत, तर त्यांना हे विचारायची वेळ येऊ देऊ नका.

माझ्या दांड्याला भोकं आहेत. त्यातलं बटण दाबून मला कुणाच्याही मापाची करता येते. योगिनी गेल्यापासून कुणी ते दाबलेलं नाही. या अंधारात मी योगिनीच्याच उंचीची होऊन उभी आहे.