साबण प्यालेला खल

मित्रांनो, मी एक जुना दगडी खल आहे. काळा, पसरट, काठाचा टवका उडालेला. दुबईत देरा भागात, जगन्नाथकाकांच्या ओट्यावर मी असतो.

माझा जन्म जावा बेटावरचा. ज्वालामुखीच्या दगडातून तिथल्या पाथरवटाने मला घडवले. मग बोटीने मी मलेशियात गेलो. तिथल्या व्यापाऱ्याने नारळाच्या दुधाच्या खोक्यांबरोबर मला काकांकडे भेट म्हणून पाठवले. काकांचा धंदा त्याच मालाचा. जावाचा आणि मलेशियाचा माल त्यांच्या गोदामात शेजारी शेजारी पडलेला असतो.

काकांच्या पत्नी संध्याकाकू अलिबागच्या. खालच्या मजल्यावर जावाची सुलास्त्री राहते, समोरच्या दारात मलेशियाची रोहानी. दोघींना जेवणात मिरचीचे वाटण, म्हणजे सांबाल, लागतेच. पण खरे सांबाल कोणाचे यावरून वाद. एकीच्या स्वयंपाकघरात दुसरी वाटायला जात नसे. म्हणून रविवारी दोघी काकूंकडे येत.

"हा खल आमच्याकडचा," सुलास्त्री म्हणायची.

"आला आमच्याकडून," रोहानी म्हणायची.

"गप्प बसा दोघी," काकू म्हणायच्या. "आता तो अलिबागकर झालाय."

रोहानीने पहिल्यांदा कोळंबीची आंबवलेली वडी आणली, तेव्हा ती काकूंच्या तोंडाकडे बघत राहिली. काकूंनी वास घेतला. "अगं, हा तर आपला जवळाच." त्यांनी वाटणात एक आमसूल टाकले. दोघींनी चाखले, "चुकीचं आहे" असे एकदमच म्हणाल्या आणि माझ्यातले उरलेले बोटाने पुसून खाल्ले.

अशी वर्षे गेली. तो वास माझ्या छिद्रांत मुरला. काकू मला फक्त पाण्याने धूत.

गेल्या वर्षी काकू वारल्या. दोघी भेटायला आल्या, थोडा वेळ बसल्या, गेल्या. रविवारी कोणी आले नाही. काका ऑफिसला जात, येत, बाहेरून आलेला डबा खात. माझ्यात किल्ल्या ठेवत. मला वाईट वाटले असे म्हणवत नाही. किल्ल्या थंड असत, एवढे आठवते.

मग काकांनी ठरवले की मला सुलास्त्रीला देऊन टाकायचे. दुसऱ्याला द्यायची वस्तू लख्ख करून द्यावी, ही त्यांच्या घरची रीत. त्यांनी मला साबणाच्या पाण्यात बुडवले आणि काथ्याने घासले.

त्यांची मुलगी अंतरा स्वयंपाकघरात आली. "बाबा, यू यूज्ड सोप?"

"मग? घाणेरडा द्यायचा?"

"आईचा स्मेल होता त्यात."

काकांनी मला नाकाशी धरले. लिंबाच्या साबणाचा वास आला. ते खुर्चीवर बसले. मी त्यांच्या मांडीवर तसाच ओला होतो.

अंतराने दोघींना बोलावून आणले. रोहानीने वाकून वास घेतला. "खलास, जगन्नाथभाई. दगड साबण प्यायला."

"खलास कसलं?" सुलास्त्री म्हणाली. "ओला नारळ वाटा. ओढून घेईल."

"नारळ नाही, तांदूळ. तुमच्याकडे सगळ्यात नारळ."

"तुमच्याकडे सगळं आमच्याकडून नेलेलं."

कितीतरी महिन्यांनी दोघी भांडत होत्या. काका उठले. त्यांनी तांदूळही घेतला, नारळही घेतला. आजवर त्यांनी माझा बत्ता हातात धरला नव्हता. पहिले वाटण करडे आणि फेसाळ निघाले. ते फेकले, पुन्हा वाटले. होता होता पांढरे निघाले.

काकांनी मला पुन्हा नाकाशी धरले. "तिचा वास गेला," ते म्हणाले.

दोघींनीही वाकून वास घेतला. नाही म्हणण्यासारखे काही नव्हतेच.

रोहानीने माझ्यात मिरच्या टाकल्या. सुलास्त्रीने लसूण टाकला. काकांनी फ्रिज उघडला, मागच्या बाजूला काकूंनी ठेवलेली आमसुलांची पिशवी काढली आणि एक आमसूल टाकले. मग वाटू लागले.

दोघींनी चाखले.

"चुकीचं आहे," दोघी म्हणाल्या.

मला देऊन टाकायचे राहूनच गेले. काकांनी किल्ल्या दाराजवळच्या खिळ्याला टांगल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा दगड असेल, तर त्याला साबण लावू नका. गेलेला वास परत येत नाही. पण दगड नवा वास धरतो. त्यासाठी त्याला रिकामा ठेवू नका. रविवारी त्यात काहीतरी वाटा, आणि शेजारच्यांना चाखायला बोलवा.