शाल पांघरलेला प्रोजेक्टर

मी एक जुना प्रोजेक्टर आहे मित्रांनो, मरोळच्या एका बुद्धविहारातला. स्वभावाने मी उतावळा. दिवा लागला की पोटात भट्टी पेटते आणि हवा मिळाली नाही तर माझा कारभार आटोपतो. आधी एका ऑफिसात आठ वर्षं नुसते तक्ते दाखवले. नवा आला तेव्हा त्यांनी मला विहाराला देऊन टाकलं. इथे जयंतीला कौतुक, एरवी कपाटात, झेंड्यांच्या गठ्ठ्याखाली.

गेल्या रविवारी दुपारी तेजलने मला बाहेर काढलं. दूरच्या देशातल्या एका काळ्या पुढाऱ्याने वर्णद्वेषाशी कसा लढा दिला, त्याचा माहितीपट तिने आणला होता. त्यातलं बोलणं ती मराठीत सांगणार होती. पुढच्या रांगेत तिची आत्या शकुताई, निवृत्त नर्स. ती सोसायटीच्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी उभी होती, पण हातात अर्ज मागे घेण्याचं पत्र होतं. मुदत पाचपर्यंत. कमिटीवाले गोड बोलले होते, "तुमचा मोठा सत्कार करू, खुर्ची राहू द्या." आणि जिन्यात तेच म्हणाले होते, "आता ह्यांच्या हाताखाली राहायचं?" ते तिने ऐकलं होतं.

आमच्याकडे सत्काराशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही. पाहुणे संपले, एक शाल उरली. विहाराची व्यवस्था बघणाऱ्या दादूने ती माझ्यावरच घातली. टाळ्या पडल्या. मला मात्र घाम फुटला, कारण माझी हवेची जाळीच झाकली गेली.

पडद्यावर पुढाऱ्याच्या दारावर शिव्या रंगवलेल्या होत्या. तो रोज पहाटे त्या पुसायचा. मग बडे लोक आले. "इमारतीला तुझं नाव देऊ, फक्त निवडणुकीला उभा राहू नकोस." त्याने तोंड उघडलं आणि मी गपकन विझलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाट लागली!" दादू ओरडला.

"काय म्हणाला गं तो?" शकुताईने विचारलं.

"आत्या, सांगू का?"

"नको. त्याच्याच तोंडून ऐकू दे."

ती उठली, मला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "अरे, शाल कुणी घातली ह्याला? मान देऊन मारताय की काय?" शाल तिने ओढून फेकली आणि हातातल्या पत्रानेच मला वारा घालू लागली.

बऱ्याच वेळाने मी पुन्हा लागलो. "नाव नको, मतं हवीत," पुढारी म्हणाला, तेजलने ते मराठीत सांगितलं. त्या वेळी तो हरला. पुढच्या खेपेला पुन्हा उभा राहिला. शकुताईचा हात थांबला नव्हता.

"शकु, पाचला दहा कमी आहेत," दादू म्हणाला. "पत्र दे ना, मी पळत देऊन येतो."

"राहू दे रे. वारा घालतेय, दिसत नाही?"

मित्रांनो, मला शाल नको. जाळीवरची धूळ तेवढी झटका आणि हवा अडवू नका. आणखी खूप दाखवायचं राहिलंय.