कमानीवरची ओळ

"अगं, ढवळतेस की घुसळतेस? कॉफी आहे ती, लोणी नाही!" सेल्मा म्हणाली.

आल्विनाने पळी खाली ठेवली. कान मात्र वरच लागलेले. वर चर्चमध्ये पुरुषांनी मंडळीचे निर्णय घ्यायचे आणि तळघरात बायकांनी कॉफी उकळायची, ही न्यू वाल्डाऊची रीत. सभेत बाईने पाऊल टाकायचे नाही. म्हणून तिने आपले म्हणणे नवऱ्याच्या हवाली केले होते.

"एर्विन बोलेल गं."

"तो? गाईला ऊठ म्हणायच्या आधीसुद्धा दोनदा खाकरतो."

मागणी तशी एवढीशीच होती. जर्मनीतल्या सॅक्सनीहून बोटीने आलेल्या पणजोबांनी अमेरिकेतल्या मिसुरीच्या या टेकाडावर स्वतः खाण खणून दगड काढला, चर्च बांधले, लाकडी छत निळे रंगवून त्यावर तारे काढले. वेदीवरच्या कमानीवर जर्मन ओळ होती: 'दारी आलेल्याला, प्रभू, माघारी धाडू नकोस.' उपासना संपताना सारी मंडळी उभी राहून ती गायची, आणि सूर ताऱ्यांना टेकून सावकाश खाली यायचा. ती सोनेरी अक्षरे आल्विनाच्या वडिलांची, ट्राउगोटची. ऐन विशीत रंगवलेली. कमानीच्या वळणाचा अंदाज चुकला आणि शेवटचे शब्द दाटीवाटीने बसले. "ट्राउगोटचा देव शेवटी शेवटी हात आखडता घेतो," ही थट्टा गावाने कित्येक वर्षे पुरवून वापरली.

मग पहिले महायुद्ध आले आणि जर्मन बोलणारा शत्रू ठरला. एका सकाळी चर्चच्या दारावर पिवळा रंग फासलेला दिसला. घाबरलेल्या वडीलधाऱ्यांनी ट्राउगोटलाच पुन्हा शिडीवर चढवले, हातात चुन्याची बादली देऊन, स्वतःचीच ओळ झाकायला. तेव्हापासून ट्राउगोट मान खाली घालूनच गात आला.

आता चर्चच्या डागडुजीचा विषय निघाला होता. त्यातच कमानीवरचा चुना खरवडला की ओळ मोकळी झाली असती. म्हाताऱ्या ट्राउगोटची नजर मावळत चालली होती. उशीर परवडणारा नव्हता.

वर बाके सरकली. जिन्यावर बूट वाजले. सभेचे अध्यक्ष हुगो पेट्झोल्ड पुढे, एर्विन सगळ्यांच्या मागे.

"काय ठरलं, हुगोभाऊ?"

"छत खाली घ्यायचं. सपाट, पांढऱ्या फळ्यांचं. हिवाळ्यात आपण कुडकुडतो आणि वर तारे शेकत बसतात!" माणसे हसली. "सोमवारी सुतार येतोय."

"आणि कमान?"

"ती जाईल फळ्यांच्या वर."

आल्विनाने नवऱ्याकडे पाहिले. "तू बोललास?"

एर्विन टोपीशी चाळा करू लागला. "बोलणारच होतो गं. पण विषय पुढे गेला."

"विषय पुढे गेला! विषयाला पाय असतात, तुलाच तेवढे नाहीत." किटली दाणकन टेबलावर आली. "हुगोभाऊ, आता कोण येणार आहे दाराला रंग फासायला?"

"भीती नाही गं, आल्विना. पण नातवंडांना कुठे वाचता येतंय ते?"

"झाकून ठेवल्यावर कसं वाचता येईल?"

हुगो हळूच म्हणाला, "ठराव झालाय, बाई. केक आहे का थोडा?"

तिने केक कापला. सुरी एवढ्या जोरात चालली की खालच्या ताटाला चरा पडला.

रविवारी ती वडिलांचा हात धरून आली आणि पुरुषांच्या बाजूला, त्यांच्याशेजारीच बसली. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. ही रीत आजवर कोणी मोडली नव्हती. माना वळल्या. एर्विन खाकरला, आणि सरकून त्याने तिला जागा करून दिली.

उंच व्यासपीठावरून पाळकांनी प्रार्थना सुरात म्हटली. सूर डोक्यावरच्या, आवाज घुमवणाऱ्या लाकडी छत्राला लागला, ताऱ्यांपर्यंत गेला, परतून आला. उद्यापासून तो अर्ध्यातूनच फिरणार होता. मंडळी उभी राहून युद्धापासून रूढ झालेले इंग्रजी गीत गाऊ लागली. म्हातारा बसूनच होता. आल्विना खाली वाकली आणि त्याच्या कानाशी जुनी ओळ जर्मनमध्ये गाऊ लागली.

ट्राउगोटने मान वर केली. पांढरी कमान त्याला दिसत होती की नाही, कोण जाणे. त्याचे बोट मात्र गुडघ्यावर चालू लागले, अक्षरामागून अक्षर. सुरुवात त्याने बारीक केली, जपून, पुढची जागा राखत.

शेवटचे शब्द या खेपेस ऐसपैस बसले.