लपवलेली चौकट

निरगुडसर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'थँक्यू ताई' आणि अंगठे यायला लागले, तेव्हा ज्योत्स्नाला आधी बरं वाटलं. मग ती चमकली. बिबट्या दिसल्याचं कळवल्यावर माणसं अंगठे कशाला दाखवतील?

तिने आपलाच मेसेज वाचला. 'बिबट्या पिंजऱ्यात सापडला. रानात जायला हरकत नाही.' हा तर सकाळचा मजकूर. तासाभरापूर्वी गावातल्या गोरखने फोन करून ओढ्याकडच्या उसात दुसरा बिबट्या पाहिल्याचं सांगितलं होतं, आणि तेच भरून तिने बटण दाबलं होतं.

गावासाठी हे वेबपेज तिनेच बनवलेलं. बातमी, ठिकाण आणि वेळ भरली की एका चौकटीत मजकूर तयार व्हायचा, बटण दाबलं की कॉपी व्हायचा. मग ग्रुपवर पेस्ट केला की झालं. ही चौकट म्हणजे पानाच्या आतलं आणखी एक छोटं पान. दिसायला बेंगरूळ, म्हणून दुपारी तिनेच ती लपवून टाकली. लपवलेल्या पानातला मजकूर निवडायचा, कॉपी करायचा हुकूम तिच्या ब्राउझरने पाळलाच नाही. तक्रारही केली नाही, गप्प बसला. 'कॉपी झालं' ही हिरवी पट्टी मात्र तिनेच घातलेली, ती काहीही न तपासता झळकली. क्लिपबोर्डवर सकाळचंच राहिलं आणि तिने ते न वाचता चिकटवलं.

मेसेज डिलीट करून तिने खरी बातमी हाताने टाइप केली. पण ज्यांनी आधीच वाचून फोन ठेवून दिला, त्यांचं काय? तिची आई, जानकाबाई, त्यातलीच. लाईट आली की ती कांद्याला पाणी द्यायला जाणार, आणि कांदा ओढ्याला लागूनच. फोन लावला. नुसती रिंग जात राहिली.

ती अनवाणीच धावली. बांधाच्या दोन्ही अंगांना ऊस उभा. पानं सळसळली की तिचे पाय जागीच थिजायचे.

वळणावर आई समोरून आली, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. ज्योत्स्ना तिला बिलगून रडायलाच लागली.

"अगं, काय झालं? तुझा मगाचा मेसेज वाचूनच आले व्हते की," जानकाबाई म्हणाली. "शेजारची साळुबाई यायला लई भीत व्हती. मीच तिला दावला. म्हणलं, माझ्या पोरीनं लिवलंय, खोटं नसायचं. आता ती एकटीच बसलीय ओढ्याला, गवत कापत."