अर्जाचं चौथं पान

शिक्षण खात्याचं पत्र इतकं गोड होतं की हेडसरांनी ते दोनदा वाचलं आणि मग कपाळाला हात लावला. ‘आपल्या शाळेतील बहुतांश कुटुंबांची परिस्थिती समाधानकारक असल्याचे पाहून आनंद होत आहे,’ असं त्यात लिहिलं होतं. आणि खाली बारीक अक्षरांत, ‘सबब आपणांस वीस टक्केच सवलत मंजूर करण्यात येत आहे.’

“आनंद होतोय म्हणे!” हेडसर म्हणाले. “बाई, आपली वस्ती समाधानकारक कधी झाली? मला कुणी कळवलंच नाही!”

क्लार्कबाईंनी पत्र स्वतःकडे ओढून घेतलं. तीस वर्षं शाळेचे सगळे अर्ज त्याच भरत आल्या होत्या आणि एकही कधी तोंडावर आपटला नव्हता. हाही त्यांनी डोळ्यांत तेल घालून भरला होता. इंटरनेटची लाइन आणि संगणक घ्यायला सरकार शाळांना नव्वद टक्क्यांपर्यंत सवलत देतं. त्यासाठी महिनाभर फाटकावर नोटीस लावायची, तीन कंपन्यांची बंद पाकिटं मागवायची, ती चारचौघांसमोर उघडायची. बाईंनी सगळं शिस्तीत केलं. माशी शिंकली ती चौथ्या पानावर. मुलांच्या किती घरांत कायमची नोकरी आहे, किती घरांत मिळेल तेव्हा काम आहे आणि किती घरांत कामच नाही, एवढंच ते पान विचारत होतं. जितकी घरं अडचणीत, तितकी सवलत जास्त.

यंदा सवलतीवाचून भागणार नव्हतं. शेवटच्या वर्षाची परीक्षा या वर्षापासून संगणकावर होणार होती आणि शाळेत लाइन म्हणजे खिडकीत ठेवलेला हेडसरांचा फोन. लाइन आली नाही, तर बेचाळीस मुलांनी तीन तासांचा प्रवास करून शहरातल्या केंद्रावर जायचं होतं, तेही सहा वेळा. निम्मी मुलं वाटेतच गळणार, हे हेडसरांना आणि बाईंना न बोलता ठाऊक होतं. त्या बेचाळिसांत बाईंची नात होती. दुरुस्त पान पाठवायला खात्याने नऊ दिवस दिले होते, तेवढाच काय तो त्यांचा चांगुलपणा.

बाईंनी पालकांच्या फॉर्मांचा गठ्ठा काढला. वाचता वाचता त्यांना हसावं की रडावं कळेना. कागदावर अख्खी गल्ली साहेब झाली होती. ज्याची टॅक्सी दोन वर्षांपूर्वी विकली गेली, तो अजून ‘वाहतूक व्यवसाय’ करत होता. ज्या गिरणीला कुलूप लागून पाच वर्षं झाली, तिथे सात बाप रोज कामावर जात होते.

“एवढी माणसं खोटं का बोलली?” हेडसरांनी विचारलं.

“खोटं कुठलं, सर? लाजली बिचारी,” बाई म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. कारण लाजवलं कुणी, ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. शाळेत कागद गोळा करायची एक पद्धत होती. शेवटच्या बाकावरून सुरुवात करायची, प्रत्येकाने आपला कागद वर ठेवून गठ्ठा पुढे द्यायचा. हाताखालून जाणारा कागद कोण वाचणार नाही? संध्याकाळपर्यंत कुणाच्या घरी काय चाललंय ते साऱ्या वर्गाला पाठ. घरोघरच्या आयांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी फॉर्म शोभेसा भरला. आणि ही पद्धत घातली होती खुद्द क्लार्कबाईंनी. का, तर मोजायला सोपं पडतं म्हणून!

दुसऱ्या दिवशी बाई कोरे फॉर्म आणि कोरी पाकिटं घेऊन गल्लीत शिरल्या. पाकीट चिकटवून द्या, माझ्याशिवाय कुणी उघडणार नाही, असं त्यांनी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. टॅक्सीवाल्याने दारातच हात जोडले. “बाई, आमचं व्यवस्थित चाललंय. गरजू असतील त्यांच्याकडे जा.” बोलताना तो नेमका दारात असा उभा राहिला, की आतली रिकामी खोली दिसू नये. पुढच्या घरी चहा मिळाला, फॉर्म मिळाला नाही. तिसऱ्या घराने दार उघडलंच नाही. दुपारपर्यंत बाईंनी हात टेकले.

शेवटचं घर शिलाईवालीचं होतं. ती मशीनवरून न उठता म्हणाली, “बसा क्लार्कबाई. एक विचारू? राग नाही ना येणार?”

“विचार की.”

“तुमच्या नातीच्या फॉर्मवर काय लिहिलंय?”

बाईंनी मांडीवरची पाकिटं उगाच सारखी केली.

“आमचे हे रोज पहाटे भाजीबाजारात जातात,” शिलाईवाली हळूच म्हणाली. “तुमचा मुलगा ट्रकवरची पोती उतरवतो, ते वर्षभर बघतायत. तो होता तो छापखाना बंद पडल्याचं साऱ्या गल्लीला माहीत आहे. पण कुणी तोंडातून चकार शब्द काढला का? तुम्ही झाकलंत, म्हणून आम्हीही झाकलं. आता आमचं तेवढं उघडं करायला तुम्ही आलात.”

तिच्या आवाजात खोच नव्हती, तेच बाईंना जास्त लागलं. त्या पाकिटं उचलून बाहेर पडल्या. रस्ताभर त्यांना स्वतःची चीड येत होती. गल्लीला शहाणपण शिकवायला निघाल्या होत्या, आणि गठ्ठ्यात त्यांच्याच घरचा फॉर्म होता. ‘वडिलांचा व्यवसाय: फोरमन, छापखाना.’ त्यांच्याच सुबक, वळणदार अक्षरात!

घरी मुलगा नुकताच जेवून उठला होता. सून भांडी आवरत होती, नात कोपऱ्यात गणितं सोडवत होती. बाईंनी तो जुना फॉर्म त्याच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, शिलाईवालीचं बोलणंही. सांगताना त्या मुलाकडे बघत नव्हत्या.

त्याने कागद उजेडात धरला. “अक्षर तुझंच आहे, आई.”

“माझंच. मला वाटलं, तुला बरं वाटेल.”

“मला?” तो हसला, पण ते हसू कडवट होतं. “बाजारात मला सगळे नावाने हाक मारतात. घरी यायचं तर आधी शर्ट बदलायचा, गल्लीतून इस्त्रीच्या कपड्यांत यायचं. पोती जड नाहीत गं. हा शर्ट जड झालाय.”

आयुष्यभर लोकांचे फॉर्म तपासले, आणि पोटच्या पोराच्या मनातलं एक अक्षर वाचता आलं नाही, हे त्यांना फार लागलं. सूनही भांडी ठेवून तिथेच उभी राहिली. मुलाने कोरा फॉर्म ओढला, नातीचं पेन मागितलं आणि ठसठशीत लिहिलं: ‘हमाल, भाजीबाजार. मिळेल तेव्हा.’ बाईंनी पाकीट पुढे केलं.

“नको,” तो म्हणाला. “उघडाच ने. सगळ्यांत वर ठेव.”

दुसऱ्या दिवशी क्लार्कबाई पुन्हा गल्लीत शिरल्या. या वेळी भाषण नव्हतं. टॅक्सीवाल्याच्या दारात त्यांनी फक्त गठ्ठा पुढे केला. त्याने वरचा फॉर्म वाचला, पुन्हा वाचला, मग बाईंकडे पाहिलं आणि दारातून बाजूला झाला. “आत या, बाई. बसायला खुर्ची नाही, एवढं चालवून घ्या.” शिलाईवालीने तर मशीन थांबवून फॉर्म भरला आणि बाहेर येऊन शेजारच्या दोन घरांची दारं स्वतः ठोठावली. काहींनी पाकीट चिकटवून दिलं, काहींनी घडी घालून. दोन घरांनी शेवटपर्यंत दाद दिली नाही, आणि बाईंनी त्यांना पुन्हा टोकलंही नाही. आठव्या दिवशी चौथं पान रवाना झालं.

खात्याचं दुसरं पत्र आलं ते अगदी रुक्ष. आनंद नाही, समाधान नाही, नुसतं ‘नव्वद टक्के मंजूर’. हेडसरांनी ते वर्गावर्गांत जाऊन मोठ्याने वाचून दाखवलं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी शाळेची जुनी मोडकी कपाटं भंगारात गेली, आणि कपाटांसाठी कुणी अश्रू ढाळले नाहीत.

लाइन परीक्षेच्या महिनाभर आधी आली. परीक्षेचा अर्जही आता पडद्यावरच भरायचा होता, म्हणून बेचाळीस मुलं नव्या संगणकांपुढे पाळीपाळीने बसली आणि क्लार्कबाई सवयीने प्रत्येकाच्या मागे उभं राहून चुका दाखवू लागल्या. जन्मतारीख उलटी, आईचं नाव अर्धं, एकाने तर स्वतःलाच मुलगी करून टाकलं होतं. नातीची पाळी आली. ‘वडिलांचा व्यवसाय’ या चौकटीपाशी तिची बोटं क्षणभरही अडली नाहीत. शेजारचा टॅक्सीवाल्याचा मुलगा वाकून बघत होता, तरी तिने पडदा झाकला नाही.

“आजी, तपास ना,” ती म्हणाली. “सगळं बरोबर आहे?”

क्लार्कबाईंनी चष्मा पुसला. हमाल, भाजीबाजार. त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, नेहमीसारखं बोट फिरवत.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पाठव.”