मधबाबा आणि अडकलेला कापूस

भिलाईत पोलाद कारखान्याची पहिली भट्टी पेटली त्या सालची गोष्ट. आमच्या कामगार कॅम्पाच्या आठवडी बाजारात एवढी गर्दी लोटली होती, की मुंग्यांनी वाट बदलली. खोटं वाटेल त्यानं मुंग्यांना विचारावं.

मधोमध मधबाबा बसला होता. मागच्या बाजारी त्यानं एका तुळतुळीत चेल्याच्या डोक्याला मध अन् जंगली पाल्याचा लेप फासला. आज त्या डोक्यावर केसांचे खुंट! बाजूला लेपाची वाट पाहत दुसरा टकला बसलेला.

"या लेपानं खडकावर केस उगवतीन," बाबा म्हणाला. "भाजलेली चामडी तं फुंकरीसरशी भरते. पण दवाखान्याची पट्टी काढा, तिचा विटाळ होते."

भट्टीपाशी हात भाजलेला तेजराम पुढेच उभा होता. त्याची बायको कौशल्या पट्टीची गाठ सोडू लागली.

"कौशल्ये, काय करून राहिली?" शाळेच्या सत्यशीलाबाई आडव्या आल्या. "उघड्या जखमेत घाण गेली तं हात जाईन त्याचा."

"बाई, केस तं डोळ्यानं दिसून राहिले ना."

"थांब. पिशवीतला दवाखान्याचा कापूस दे मले. गुलाबराव, तुम्ही खाली बसा."

गुलाबराव म्हणजे मी. माझं टक्कल अस्सल. ते चमकलं की दुर्गच्या लाइनीवरचा ड्रायव्हर सिग्नल समजून गाडी थांबवत असे. बाईंनी त्यावर कापूस फिरवला. तो सुळकन घसरला. मग दुसऱ्या टकल्याच्या डोक्यावर फिरवला. जागोजाग कापूस अडकला. गडी फुटक्या उशीसारखा दिसू लागला.

"तेरवीच्या मुंडणानंतर डोस्क्याले पंचा अडकते का नाही?" बाईंनी विचारलं. "हा टकला नाही. सकाळीच वस्तरा फिरला याच्यावर. पुढच्या बाजारी लेप न लावताही केस येतीन."

गर्दीतले बाप्ये आपापलं डोकं चाचपत हसू लागले.

"बाबा," मी म्हणालो, "मंग माह्याच टकलाले लावा ना लेप."

"तुमची श्रद्धा कमी हाय," म्हणत बाबा बरण्या आवरू लागला.

कौशल्यानं गाठ पुन्हा घट्ट बांधली. "चला जी दवाखान्यात," ती तेजरामला म्हणाली.

बाई सगळ्यांना म्हणाल्या, "मध पोळीसंगं खा. भाजलं तं डॉक्टरले दाखवा. अन् चमत्कार दिसला, तं हात जोडायच्या आधी हात लावून पाहा."

तेजरामचा हात सावकाश, पट्टीतच बरा झाला. आता भेटला की त्याच हातानं तो माझ्या टकलावर कापूस ठेवतो. कापूस अजूनही घसरतो.